दोष असलेला नायक विज्ञानकथेत कसा उभा करायचा: नव्या लेखकांसाठी पायरीवार मार्गदर्शन

विज्ञानकथा लिहायला घेतली की आधी यान सुचतं, यंत्र सुचतं, दूरचा ग्रह सुचतो. माणूस सर्वांत शेवटी येतो आणि बहुतेक वेळा तो फारच शहाणा निघतो. मग हस्तलिखित वाचणारं कोणीतरी म्हणतं, "पात्र सपाट वाटतंय, त्याला काहीतरी दोष दे." आपण त्याला दारू पाजतो, तुसडं बोलायला लावतो, मागे एखादं जुनं दुःख चिकटवतो. तरीही वाचकाच्या मनात तो नायक होत नाही, फक्त चिडका होतो.

मी बरीच वर्षं विज्ञानकथा लिहितो आणि नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचतो. हा एकच गोंधळ मला सगळीकडे दिसतो. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोषी पात्र नायक होतं ते तीन गोष्टी जुळल्यावर: त्याच्या दोषाने दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान झालेलं असतं, त्यातून अलगद सुटायची खरी वाट त्याच्यासमोर असते, आणि ती सोडून तो त्या नुकसानीची किंमत स्वतः मोजतो. विज्ञानकथेत आणखी एक अट येते. ते नुकसान, ती वाट आणि ती किंमत या तिन्ही गोष्टी त्या कथेतल्या विज्ञानातूनच निघाल्या पाहिजेत. तसं नसेल तर तीच कथा कुठल्याही काळात, कुठल्याही घरात घडू शकली असती, आणि मग यान आणि ग्रह नुसते पडद्यासारखे मागे टांगलेले राहतात.

खाली एकच उदाहरण सगळ्या पायऱ्यांतून पुढे नेलं आहे. ते मी या लेखासाठीच रचलं आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- नियमपत्रक: तुमच्या जगात काय शक्य आहे, काय अशक्य आहे आणि कशाला किती वेळ लागतो, हे एका पानावर. आकड्यांसह.
- दोषपत्रक: नायकाचा दोष, त्याचं कारण आणि त्या दोषाचा त्याला आजवर झालेला फायदा. हेही एकच पान.
- तारीखवार घटनाक्रम. कोणाला कोणती गोष्ट कधी कळली, याचा रकाना त्यात वेगळा ठेवा.
- कथा वाचून दाखवायला एक असा माणूस, ज्याला विज्ञानकथांची सवय नाही. यंत्रांच्या वर्णनाने तो भुलत नाही, म्हणून माणसाबद्दलचं त्याचं मत जास्त कामाचं.

नियमपत्रक टाळायचा मोह होतो. टाळू नका. पाचव्या पायरीला त्याच्याशिवाय हात घालता येत नाही.

1. दोष कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

आजार, अपंगत्व, बुद्धीची मर्यादा, भूतकाळातलं दुःख हे दोष नाहीत. नवे लेखक इथेच सर्वांत जास्त घसरतात. एक पाय नसलेला वैमानिक किंवा ऐकू न येणारी शास्त्रज्ञ म्हणजे "दोष असलेला नायक" असं धरलं, तर कथा चुकीच्या पायावर उभी राहते आणि खऱ्या माणसांचा अपमान होतो तो वेगळाच.

डॅनियल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्गरनॉन'मध्ये (कथा 1959, कादंबरी 1966) हा फरक स्वच्छ दिसतो. चार्लीची बुद्धी कमी असते तेव्हा तो दोषी नसतो. शस्त्रक्रियेनंतर बुद्धी वाढते आणि तिच्याबरोबर त्याचा तुच्छतेचा सूर येतो. दोष आहे तो हा. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या मतिमंद मुलाच्या हातून बश्या फुटतात, सगळे हसतात, आणि चार्लीही हसतो. मग त्याला स्वतःचं हसू कळतं आणि तो भडकून उठतो. त्या प्रसंगात वाचक त्याच्या बाजूला येतो, कारण हसताना पकडलेला माणूस तो स्वतःच असतो.

कसोटी सोपी आहे. तुमच्या पात्राच्या दोषामुळे दुसऱ्या कुणाचं काही बिघडतं का? फक्त त्याचं स्वतःचंच बिघडत असेल, तर ते दुर्दैव असेल, सवय असेल. दोष अजून सापडलेला नाही.

2. दोषाला कारण द्या आणि फायदाही द्या

कोणताही माणूस दोष म्हणून दोष बाळगत नाही. त्याला ती चांगली गोष्ट वाटत असते आणि बऱ्याचदा ती उपयोगीही पडलेली असते.

आपलं उदाहरण असं: मंगळावरच्या वसाहतीत रेवती ही संदेश अधिकारी आहे. पृथ्वीवरून येणारा प्रत्येक संदेश तिच्या हातून पुढे जातो. तिचा दोष म्हणजे वाईट बातमी ती मवाळ करते, उशिरा देते, कधी दाबून ठेवते. कारण पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्याला घरची वाईट बातमी जशीच्या तशी मिळाली, तो त्याच तंद्रीत कामावर गेला आणि दोघे जखमी झाले. तेव्हापासून कुणाला काय कधी कळावं हे रेवती ठरवते. वसाहत शांत आहे, भांडणं कमी आहेत, सगळे तिला मानतात. तिचा दोष म्हणजे तिची काळजीच आहे, फक्त तिला कुणी आवर घातलेला नाही.

बघा, हे लिहिल्यावर ती दुष्टही वाटत नाही आणि निर्दोषही वाटत नाही. दोषपत्रकावर हे तीन-चार वाक्यांत बसलं नाही, तर पुढे जाऊ नका.

3. जगाचा नियम आणि दोष यांची गाठ घाला

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा ही पायरी आहे. इथे घाई करू नका.

तुमच्या जगाचा एखादा भौतिक नियम असा शोधा, की ज्यामुळे नायकाचा दोष लपून राहू शकत नाही किंवा त्याचा परिणाम कैक पट मोठा होतो. उदाहरणार्थ, नात्यांपासून पळणारा माणूस घ्या. तो प्रकाशाच्या 99 टक्के वेगाने जाणाऱ्या यानात बसला, तर त्याच्या एका वर्षात मागे राहिलेल्यांची जवळपास सात वर्षं जातात. त्याने तीन वर्षं तोंड चुकवलं, की घरची मुलगी एकवीस वर्षांनी मोठी झालेली असते. इथे सापेक्षता, म्हणजे फार वेगाने जाणाऱ्याचा काळ हळू सरतो हा नियम, सजावट म्हणून येत नाही. त्याच्या पळपुटेपणाला ती व्याज लावते.

रेवतीकडे या. मंगळ आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर बदलत राहतं, त्यामुळे संदेश एका बाजूने पोचायला साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. थेट संभाषण होतच नाही. सगळं लिहून येतं आणि एका ठिकाणी उतरतं, म्हणूनच रेवतीच्या हातात एवढी सत्ता आली. शिवाय दर 26 महिन्यांनी सूर्य दोन ग्रहांच्या मध्ये येतो. सूर्याभोवतीच्या विद्युतभारित वायूमुळे रेडिओ संदेश फाटतात, म्हणून मंगळावरच्या यानांना साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवलं जातं. ही खरी पद्धत आहे.

आता गाठ घाला. हा अबोल काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी संदेश येतो: स्पेससूटच्या ताज्या तुकडीतल्या रबरी सील (हवा आत रोखून धरणाऱ्या कड्या) कडाक्याच्या थंडीत कडक होतात, रात्री बाहेर पडू नका. मंगळावर विषुववृत्ताजवळसुद्धा रात्री तापमान उणे 70 अंशांखाली जाऊ शकतं. थंडीने सील कडक होण्याचा धोका काल्पनिक नाही. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यानाचा स्फोट झाला आणि सात अंतराळवीर गेले, त्यामागे थंडीत लवचीकपणा गमावलेलं रबरी कडंच होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री काही अभियंत्यांनी तसा इशाराही दिला होता.

रेवती संदेश वाचते. दोन आठवडे पृथ्वीशी बोलता येणार नाही, लोक आधीच धास्तावलेले आहेत. ती ठरवते, दोन दिवसांनी सांगू, तोवर रात्रीची कामं आपणच काहीतरी कारण काढून पुढे ढकलू. एक काम तिच्या नजरेतून सुटतं. ओमर बाहेर जातो आणि परत येत नाही.

सापळा: दोष आणि जगाचा नियम वेगवेगळे ठेवून नुसता योगायोगाने अपघात घडवू नका. उल्का पडली आणि ओमर मेला, तर रेवती कुणाचं काहीच देणं लागत नाही.

4. नुकसान पानावर घडवा

"तिच्या हातून पूर्वी एकदा मोठी चूक झाली होती" असं एका वाक्यात उरकू नका. ज्याचं नुकसान होतं त्याला आधी दोन-तीन प्रसंग द्या. नाव द्या, एखादं अर्धवट राहिलेलं काम द्या. ओमर संध्याकाळी बायकोशी, सलमाशी, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरून वाद घालतो आणि उरलेलं उद्या बोलू म्हणतो, एवढंही पुरतं. मरणाचं वर्णन मात्र लांबवू नका.

5. सुटायची वाट उघडी ठेवा

नायक तिथेच घडतो जिथे तो नायक न होताही सुखाने जगू शकला असता. नव्या लेखकांच्या कथांत ही वाट बहुधा बंदच असते. चौकशी समिती दाराशी आलेली असते, पुरावा टेबलावर असतो आणि मग पात्र कबुली देतं. अशा कबुलीला काही मोल नाही.

वाट खरी हवी, सोयीची हवी आणि शक्यतो जगाच्या नियमानेच उघडलेली हवी. रेवतीचं बघा. संदेश पृथ्वीवरून निघाला होता, त्याची नोंद तिथे आहेच, म्हणजे ती दोन आठवड्यांनी पकडली जाणार, असं चाणाक्ष वाचक लगेच म्हणेल. पण अबोल काळाच्या तोंडावर आलेले संदेश फाटू शकतात. तिने आपली प्रत पुसली आणि "आमच्याकडे नुसता खरखराट आला" म्हटलं, तर तिला खोटं ठरवणं कुणालाही शक्य नाही. ज्या नियमाने गुन्हा घडवला, तोच तिला निर्दोष ठरवायला तयार आहे. नियमपत्रकावर हे आधीच लिहिलेलं असेल, तर अशी वाट सापडते. नंतर ओढूनताणून आणलेली वाट वाचकाला लगेच कळते.

त्यात आणखी एक भर घाला: गप्प राहिल्यास दुसरं कोणीतरी भरडलं जाईल. सूट तपासायचं काम तन्वीचं होतं. ती वसाहतीत सर्वांत लहान आहे आणि आता सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आहेत. मुख्य दाराच्या सीलही त्याच तुकडीतल्या आहेत, हे फक्त रेवतीला माहीत आहे.

मेरी शेली यांच्या 'फ्रँकेनस्टाइन'मध्ये (1818) व्हिक्टर नेमका असाच उभा राहतो. त्याच्या धाकट्या भावाच्या खुनाचा आळ घरातल्या जस्टीनवर येतो. खरा खुनी कोण हे व्हिक्टरने ओळखलेलं असतं. ती निर्दोष आहे असं तो म्हणतो, पण आपण काय निर्माण केलं ते सांगत नाही, कारण लोक वेडा ठरवतील. जस्टीन फाशी जाते. पुढे तो त्या जीवाचा पाठलाग करत थेट आर्क्टिकच्या बर्फापर्यंत जातो, भयंकर हाल सोसतो, तरी माझ्या लेखी तो नायक होत नाही. कादंबरी त्याच्याभोवती फिरते, तिची थोरवीही मोठी आहे. पण हाल सोसणं वेगळं आणि वेळेवर तोंड उघडणं वेगळं. तुमचं पात्र नुसतं सोसत असेल, तर व्हिक्टरची आठवण ठेवा.

6. किंमत दोषाच्याच नाण्यात घ्या

इथे हमखास एकच गोष्ट सुचते: नायकाला मारून टाकायचं. अणुभट्टीत शिरून तो सगळ्यांना वाचवतो, सगळे रडतात, कथा संपते. मला हा शेवट बहुतेक वेळा स्वस्त वाटतो. मेलेल्या माणसाला कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि त्याच्या दोषाचा त्या मरणाशी संबंधही नसतो.

विचारायचा प्रश्न हा: या माणसाने आजवर ज्या गोष्टीसाठी दोष जपला, ती गोष्ट त्याच्या हातून कशी जाईल?

रेवती कबूल करते, "संदेश आला होता, मी दाबला. मुख्य दाराच्या सीलही धोक्याच्या आहेत, रात्र व्हायच्या आत जुन्या विभागात चला." कुणी विश्वास ठेवत नाही. काल लपवणारी आज खरं बोलते कशावरून? तन्वीला वाचवायला भीती वाढवून सांगत असेल. पुराव्याला पृथ्वी नाही, दोन आठवडे शांतता. तिच्याकडे एकच उपाय उरतो. आजवरचे सगळे मूळ संदेश आणि तिने बदलून दिलेले सगळे संदेश शेजारी शेजारी, सगळ्यांच्या पडद्यावर उघडे करणं. मग प्रत्येकाला दिसतं की आईचा आजार आपल्याला तीन आठवडे उशिरा कळला, बढती नाकारल्याचं पत्र गुळमुळीत होऊन आलं, कुणाचं लग्न मोडल्याचं तर सांगितलंच गेलं नाही. लोक तिचा तिरस्कार करतात. पण त्या नोंदी खऱ्या आहेत हे प्रत्येकजण आपापल्या आठवणीशी ताडून पाहू शकतो, म्हणून सीलबद्दलचं तिचं म्हणणंही खरं मानावं लागतं. ते हलतात, वाचतात.

तिने जपलेलं स्थान, शांतता आणि मान, सगळं गेलं. तिला पुढचे कित्येक महिने त्याच माणसांबरोबर त्याच टेबलावर जेवायचं आहे. परतीचं यान इतक्यात नाही. ही किंमत मरणापेक्षा जड आहे आणि तिच्या दोषातूनच आलेली आहे.

सापळा: किंमत रद्द करणारं तंत्रज्ञान. तुमच्या जगात स्मृतीची प्रत ठेवून माणूस पुन्हा जिवंत करता येत असेल किंवा मागच्या काळात जाऊन चूक पुसता येत असेल, तर आत्मत्याग फुकटचा होतो. असं यंत्र हवंच असेल, तर ते काय परत देऊ शकत नाही हे नियमपत्रकात लिहा आणि किंमत तिथून घ्या. शेवटची प्रत घेतल्यानंतरचे दिवस हरवतात, एवढा नियमही पुरतो. त्या दिवसांत नायकाला प्रथमच कुणी क्षमा केली असेल, तर मरायला जाताना तो खरंच काहीतरी गमावतो.

7. दोष बरा करू नका

शेवटच्या पानावर नायक धुतल्या तांदळासारखा झाला, की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. दोष राहू द्या, त्याच्याशी नायकाचं वागणं बदलू द्या. पृथ्वीशी संपर्क परत येतो, रेवतीवर पाळत आहे, तरी तिला एक हवामानाचा इशारा लिहायला दिलेला आहे. ती लिहिते, "वादळाचा किंचित धोका." थांबते. "किंचित" खोडते. तिने यावर भाषण केलं, तर हे वाक्यही वाया जाईल.

8. एक माणूस क्षमा न करणारा ठेवा

सलमा रेवतीशी पुन्हा बोलत नाही. कथेने तिला चूक ठरवायचं नाही आणि शेवटी तिचं मन वळवायचंही नाही. तुमचा नायक आवडता झाला, की त्याला सगळ्यांनी माफ करावं असं लेखक म्हणून तुम्हालाच वाटू लागतं. ती ओढ दाबा. सगळ्यांनी माफ केलं, तर ओमरचा जीव हिशेबातून निघून जातो.

9. दुसरा खर्डा: काय तपासायचं

पहिला खर्डा काही दिवस बाजूला ठेवा, मग पुढच्या गोष्टी पाहा.

घटनाक्रमाच्या रकान्यात नायकाला प्रत्येक गोष्ट कधी कळली ते वाचा. त्याला माहीत नसताना नुकसान झालं असेल, तर तो दोष नव्हे, अज्ञान आहे, आणि तिसरी पायरी परत करावी लागेल.

दोषाचा उल्लेख दुसरी पात्रं संवादातून किती वेळा करतात ते मोजा. "तू नेहमी असंच करतेस" असं कोणी म्हणत असेल, तर बहुधा दोष कृतीत उतरलेला नाही. ते संवाद काढून पाहा. तरीही दोष दिसला, तर संवादांची गरज नव्हती.

खलनायक तपासा. नायक बरा वाटावा म्हणून शेजारी अतिदुष्ट माणूस उभा केला असेल, तर त्याला कथेतून काढून बघा. नायक लगेच कोसळला, तर नायकपण उसनं होतं.

आकडे तपासा. 20 मिनिटांचा उशीर धरलेल्या कथेत दोन माणसं दोन ग्रहांवरून एकमेकांचं वाक्य तोडत बोलत असतील, तर वाचकाचा त्या जगावरचा विश्वास उडतो. जगावरचा उडाला, की त्यातल्या किमतीवरचाही उडतो.

10. वाचून दाखवा

आता विज्ञानकथा न वाचणाऱ्या त्या माणसाला कथा द्या. "नायक आवडला का?" असं विचारू नका, मित्र हो म्हणतोच. त्याऐवजी विचारा, "कोणत्या पानावर तुला वाटलं, ही आता पळणार?" त्याने एखादं नेमकं पान दाखवलं, तर काम झालं. त्याला असं पानच सापडलं नाही, तर पाचव्या पायरीपासून पुन्हा लिहायला बसा. त्याने दोन पानं दाखवली, तर त्यातलं उशिराचं ठेवा आणि पहिल्यातली वाट बुजवून टाका.